घोड्याची लस : टोकियोपासून परळपर्यंत

आमच्या लहानपणी कोकणात पायात गंजका खिळा गेला म्हणजे दोन गोष्टी ठरलेल्या असत. एक म्हणजे आजीने गोड्या तेलात हळद गरम करून जखमेवर बांधलेली पट्टी, आणि दुसरी म्हणजे अलिबागच्या दवाखान्यातले धनुर्वाताचे इंजेक्शन. कंपाउंडर आधी हातावर एक थेंब टोचून बघे, अर्धा तास बाकावर बसवून ठेवी, आणि अंगावर गांधी उठल्या नाहीत म्हणजे मग पुरी सुई देई.

एकदा आमच्या आजीने त्याला विचारले, "भाऊ, हे औषध कशाचं असतं?" तो सहज बोलून गेला, "आजी, घोड्याच्या रक्तापासून करतात." आजीचा चेहरा पडला. जिच्या घरात मटण अर्धा तास पाण्यात आणि तासभर मिठात ठेवल्याशिवाय चुलीवर चढत नसे, जी कलेजी आधी निखाऱ्यावर भाजून घेई, तिच्या नातवाच्या अंगात रक्त, आणि तेही घोड्याचे! शब्बाथ उलटताच ती हजानसाहेबांकडे गेली. ते हसून म्हणाले, "काकू, पोराने ते खाल्लं का? नाही ना? जीव वाचवायला दिलंय. जीव वाचवायचा असला म्हणजे शब्बाथसुद्धा मोडतात. जा, पोराला पेज द्या."

आजीचे समाधान झाले. आमचे मात्र झाले नाही. घोड्याच्या रक्ताने माणसाचा धनुर्वात कसा टळतो, आणि हे पहिल्यांदा कोणाच्या ध्यानात आले, हा प्रश्न मनात राहूनच गेला. पुढे देश सुटला, इथे आलो, मुलेबाळे झाली. कुपत होलिमची नर्स मुलांना धनुर्वाताची सुई देई तेव्हा आजी आठवे. उत्तर शोधता शोधता आम्ही जाऊन पोहोचलो जपानात. आणि तिथून परत आपल्याच मांडवीत आणि परळात. तीच हकीकत आज वाचकांपुढे ठेवीत आहोत.

रक्ताचा विटाळ

रक्ताविषयी कडक नियम फक्त आपल्याकडेच आहेत असे नाही. जपानात फार प्राचीन काळापासून रक्त आणि मृत्यू ह्यांचा विटाळ मानीत. इ. स. ६७५ मध्ये सम्राट तेम्मूने गाय-बैल, घोडा, कुत्रा, माकड आणि कोंबडी ह्यांचे मांस खाण्यास बंदी घातली. पुढे शेकडो वर्षे मेलेली जनावरे ओढणे, कातडी कमावणे, फाशी दिलेल्यांची प्रेते हलवणे ही कामे एका वेगळ्या काढलेल्या वर्गाकडे होती. त्या लोकांनी गावाबाहेर राहायचे, इतरांनी त्यांना शिवायचे नाही. आपण ज्या मुलखात शनवार तेली म्हणून वाढलो, तिथे ही व्यवस्था कुणाला समजावून सांगायला नको. १८७१ साली जपान सरकारने कायद्याने हा भेद रद्द केला, आणि १८७२ साली सम्राट मेइजीने गोमांस खाल्ल्याची बातमी जाहीर झाली.

ह्या विटाळामुळे शरीराच्या आत काय आहे हे जपानी वैद्यांना बराच काळ पुस्तकातूनच ठाऊक होते, आणि ती पुस्तके चिनी. इंग्लंडात विल्यम हार्वीने १६२८ मध्ये लिहून ठेवले होते, की हृदय हा एक पंप आहे आणि तेच रक्त पुन:पुन्हा सर्व अंगातून फिरत असते. हार्वीने हे ठरवले ते साप, मासे, कुत्री, हरणे अशा कितीतरी प्राण्यांची हृदये धडधडताना पाहून. जपानचे दरवाजे त्या काळी परक्यांना बंद होते. फक्त नागासाकीच्या डच व्यापाऱ्यांची एक खिडकी उघडी होती. त्या खिडकीतून एक डच शरीरशास्त्राचे पुस्तक आत आले.

१७७१ साली एदो, म्हणजे आजचे टोकियो, येथील कोझुकाप्पारा ह्या वधस्थानी सुगिता गेनपाकू, माएनो र्‍योताकू आणि त्यांचा एक मित्र हे तिघे वैद्य ते पुस्तक हातात घेऊन शवविच्छेदन पाहायला गेले. विच्छेदन करणारा म्हातारा त्याच वेगळ्या काढलेल्या वर्गातला होता. तो एकेक अवयव दाखवी आणि वैद्य पुस्तकातल्या चित्राशी ताडून पाहत. चिनी ग्रंथ चुकत होते, डच चित्रे बरोबर होती. वैद्यांना डच भाषा धड येत नव्हती, तरी शब्दाशी झगडत त्यांनी ते पुस्तक उतरवले आणि १७७४ मध्ये 'काईताई शिन्शो' ह्या नावाने छापले. जपानच्या आधुनिक वैद्यकाचा पाया तिथे घातला गेला. ज्याला शिवायचे नाही अशा माणसाच्या हातांनी त्या वैद्यांना खरे काय ते दाखवले, ही गोष्ट आम्हाला विसरता येत नाही.

ओगुनीचा मुलगा

आता आमच्या नायकाकडे वळू. शिबासाबुरो कितासातो ह्याचा जन्म जानेवारी १८५३ मध्ये क्यूशू बेटावरील ओगुनी भागात, आजच्या कुमामोतो प्रांतात झाला. बाप गावचा प्रमुख. आपल्याकडचा पाटील म्हणा. मुलाच्या मनात सैन्यात जायचे होते. पण कुमामोतोच्या वैद्यक शाळेत मान्सफेल्ट नावाचा डच डॉक्टर शिकवीत असे. त्याने पोराला सूक्ष्मदर्शक यंत्राखाली मांसाचा तुकडा दाखवला, आणि तलवारीचे वेड सुटून यंत्राचे लागले.

१८८३ मध्ये, तिशी गाठल्यावर, तो टोकियोतून पदवीधर झाला आणि सरकारच्या आरोग्य खात्यात नोकरीला लागला. तिथे ओगाता मासानोरी ह्याने त्याला जंतुशास्त्राचे पहिले धडे दिले. पुढे सरकारने त्याला जर्मनीला पाठवले. १८८६ च्या आरंभी तो बर्लिनला रॉबर्ट कॉखच्या प्रयोगशाळेत दाखल झाला. क्षयाचा जंतू शोधणारा हाच तो कॉख. कितासातो तिथे सुमारे सहा वर्षे राहिला. कामात पक्का, शिस्तीत कडक आणि रागाला भारी. पुढे त्याचे विद्यार्थी त्याला 'डॉनर', म्हणजे जर्मन भाषेत 'गडगडाट', असे नाव ठेवून होते.

त्या वेळी धनुर्वाताचे कोडे कुणाला सुटत नव्हते. माती लागलेल्या जखमेतून हा रोग होतो, एवढे दिसले होते. १८८४ मध्ये निकोलायर नावाच्या जर्मन डॉक्टरने मातीत त्याचा काडीसारखा जंतूही पाहिला होता. पण तो एकटा, निर्भेळ, कुणालाच वाढवता येत नव्हता. दरवेळी इतर जंतू सोबत येत. हा जंतू एकटा राहतच नाही, असेही काही विद्वान म्हणू लागले होते.

कितासातोने १८८९ मध्ये तो एकटा करून दाखवला. त्याची युक्ती ऐकायला सोपी आहे. धनुर्वाताचा जंतू बी धरतो, आणि ते बी उष्णतेला दाद देत नाही. कितासातोने ते मिश्रण ८० अंश सेल्सिअसला तापवून ठेवले. बाकीचे जंतू मेले आणि धनुर्वाताचे बी जगले. दुसरी गोष्ट म्हणजे ह्या जंतूला हवेतला प्राणवायू सोसत नाही. म्हणून त्याने चपट्या पोटाचे काचपात्र बनवून त्यात हायड्रोजन वायू भरला आणि जंतू त्यात वाढवले. म्हणूनच खोल, बंद जखम अधिक धोक्याची: खिळ्याच्या भोकात हवा पोहोचत नाही.

सशाचे रक्त आणि उंदराचे प्राण

पण खरे आश्चर्य पुढे होते. धनुर्वाताने मेलेल्या प्राण्याच्या रक्तात हे जंतू सापडत नव्हते. ते जखमेपाशीच बसलेले असत. मग जखम पायाला आणि जबडा का आवळतो? सारे अंग धनुष्यासारखे का वाकते? आपल्या मराठीत रोगाचे नावच त्यावरून पडले आहे. कितासातोने जंतूंचे पाणी चिनीमातीच्या बारीक गाळणीतून गाळले. गाळलेल्या पाण्यात एकही जंतू नव्हता, तरी ते टोचलेला प्राणी धनुर्वाताने मेला. म्हणजे जंतू जागेवर बसून विष तयार करतो, आणि ते विष अंगभर जाते. आज आपल्याला माहीत आहे, की हे विष मज्जातंतूंच्या वाटेने वर चढते आणि स्नायूंना 'आता सैल हो' असे सांगणारा निरोपच बंद पाडते.

त्याच प्रयोगशाळेत एमिल बेहरिंग हा जर्मन डॉक्टर घटसर्पावर काम करीत होता. दोघांनी मिळून ४ डिसेंबर १८९० रोजी एका जर्मन वैद्यकीय साप्ताहिकात छोटासा लेख प्रसिद्ध केला. त्यातला मुख्य प्रयोग असा. एका सशाला धनुर्वाताच्या विषाची सवय करून घेतली. आता त्याला कितीही जहाल जंतू टोचले तरी काही होत नव्हते. ह्या सशाच्या मानेच्या धमनीतून रक्त काढले. ते गोठण्यापूर्वी एका उंदराच्या पोटात ०.२ घन सेंटीमीटर आणि दुसऱ्याच्या पोटात ०.५ घन सेंटीमीटर टोचले. चोवीस तासांनी त्या दोघांना, आणि रक्त न दिलेल्या दुसऱ्या दोन उंदरांना, जहाल जंतू टोचले. रक्त न दिलेले दोन्ही उंदीर वीस तासांत आजारी पडले आणि छत्तीस तासांत मेले. सशाचे रक्त मिळालेले दोघे खुशाल होते.

रक्त गोठल्यावर वर जे पिवळसर पाणी सुटते, ज्याला सीरम म्हणतात, त्यातही हाच गुण होता. ते पाणी विषात मिसळून ठेवले तर विष निष्प्रभ होई. साध्या सशाच्या, म्हणजे विषाची ओळख नसलेल्या सशाच्या, रक्तात हा गुण मुळीच नव्हता. थोडक्यात, सशाने सोसलेल्या विषाची आठवण त्याच्या रक्तात उतरली होती, आणि ती आठवण दुसऱ्या जातीच्या प्राण्याला उसनी देता येत होती.

लेखाच्या शेवटी दोघांनी गटेच्या 'फाउस्ट' नाटकातले रक्ताविषयीचे एक वचन दिले आहे. नाटकात ते सैतानाच्या तोंडी आहे. आम्हाला मात्र ते वाचताना सैतान आठवला नाही. आठवले ते तोराहातले मोशेचे नियम. पण ते शेवटी सांगू.

एका आठवड्याने बेहरिंगने घटसर्पावरचा लेख एकट्याच्या नावाने छापला. १९०१ साली पहिले नोबेल पारितोषिक देण्याची वेळ आली तेव्हा सीरम उपचारासाठी ते एकट्या बेहरिंगला मिळाले. कितासातोचे नाव सुचवले गेले होते, पण निवड झाली नाही. न्यायाने बोलायचे तर घटसर्पाचे काम बेहरिंगचे होते आणि बक्षीस देताना विशेष उल्लेख घटसर्पाचाच केला गेला. पण ज्या प्रयोगाने वाट उघडली तो धनुर्वाताचा, आणि धनुर्वात कितासातोच्या हातात होता. बक्षिसाचे वाटप करणाऱ्यांना दोन हात दिसले नाहीत, एवढेच आम्ही म्हणू.

गुरुद्रोह?

मायदेशी त्याच्यापुढे वेगळेच ताट वाढून ठेवले होते. जपानात तेव्हा 'काक्के', म्हणजे बेरीबेरी, ह्या रोगाने सैनिक आणि खलाशी मरत. ज्या ओगाताने त्याला पहिले धडे दिले, त्याने १८८५ मध्ये जाहीर केले, की ह्या रोगाचा जंतू आपल्याला सापडला. कितासातोने बर्लिनहून त्यातले दोष छापून दाखवले. तो बरोबर होता. बेरीबेरी जंतूने होत नाही. पॉलिश केलेल्या पांढऱ्या तांदळाच्या आहारात ब-१ जीवनसत्त्व नसल्याने होते. (आपल्याकडचा उकडा तांदूळ आणि हातसडी ह्यांचे मोल तेव्हा कुणाला ठाऊक होते!) पण टोकियो विद्यापीठातल्या वडीलधाऱ्यांनी हे विज्ञान न मानता गुरुद्रोह मानला. ज्याने हात धरून शिकवले त्याचीच चूक चार लोकांत काढायची?

हा प्रश्न सोपा नाही, वाचकहो. आपल्या समाजातही वडीलधाऱ्यांचा मान मोठा आहे. पण हजारो सैनिक रोज तेच भात खात होते. तिथे चूक झाकून मान राखला तर मान राहतो आणि माणसे जातात.

१८९२ मध्ये कितासातो जपानला परतला तेव्हा जगभर नाव असलेल्या ह्या माणसाला मायदेशी प्रयोगशाळा नव्हती. मदतीला धावला तो केइओ विद्यालयाचा संस्थापक फुकुझावा युकिची. त्याने आपली जागा दिली, मोरिमुरा नावाच्या व्यापाऱ्याने पैसे घातले, आणि त्याच वर्षी टोकियोच्या शिबा भागात संसर्गजन्य रोगांची संस्था उभी राहिली. पुढे ती मोठ्या जागेत न्यायची म्हटल्यावर शेजारीपाजारी विरोधाला उभे राहिले: आमच्या वस्तीत जंतू नकोत! तरी संस्था टिकली. घटसर्पाचे सीरम तिथे तयार होऊ लागले आणि जपानी मुलांचे प्राण वाचू लागले. १८९७ मध्ये तिथेच त्याच्या शिष्याने, शिगा कियोशीने, आमांशाचा जंतू शोधला. दुसरा शिष्य हाता साहाचिरो जर्मनीला जाऊन पॉल एर्लिख ह्या यहुदी शास्त्रज्ञाच्या हाताखाली राहिला. गरमीवरचे पहिले खरे औषध त्या दोघांच्या कामातून निघाले. घटसर्पाच्या सीरमची ताकद मोजायची रीत ह्याच एर्लिखने १८९७ मध्ये बसवून दिली होती. ती नसती तर एका बाटलीने रोगी वाचला असता आणि दुसरीने नाही.

हाँगकाँग आणि मांडवी

१८९४ च्या उन्हाळ्यात हाँगकाँगमध्ये प्लेग उसळला. १२ जूनला कितासातो तिथे पोहोचला आणि दोन दिवसांत त्याने जंतू पाहिल्याचे सांगितले. १५ जूनला फ्रेंचांकडून अलेक्झांडर येर्सिन आला. कितासातोला इंग्रज डॉक्टरांनी इस्पितळात जागा दिली. येर्सिनला गवताच्या झोपडीत काम करावे लागले. कितासातोने रक्तात आणि अंतर्गत अवयवांत जंतू शोधला, तर येर्सिनने थेट काखेतल्या-जांघेतल्या गाठीत सुई घातली. गाठीत प्लेगचा जंतू भरपूर आणि बहुधा निर्भेळ असतो. रक्तात मात्र दुसरे जंतूही मिसळलेले असू शकतात. कितासातोच्या नमुन्यांत तशी भेसळ झाली असावी असे मानतात, कारण त्याच्या वर्णनात गोंधळ राहिला, आणि येर्सिनचे वर्णन नेमके ठरले. आज जंतूला येर्सिनचेच नाव आहे. रक्ताने ज्याला कीर्ती दिली त्याला रक्तानेच इथे चकवले. त्याचा सहकारी आओयामा आणि मदतनीस इशिगामी ह्यांना तर प्लेगच झाला. दोघे थोडक्यात वाचले.

दोन वर्षांनी, सप्टेंबर १८९६ मध्ये, प्लेग मुंबईत उतरला. आणि उतरला कुठे, तर मांडवीत. मांडवी म्हणजे आपल्या समाजाचे मुंबईतले जुने घर. सॅम्युएल स्ट्रीट, इस्राएल मोहल्ला, आणि १७९६ मध्ये सॅम्युएल इझिकिएल दिवेकरांनी स्थापलेले 'शाअर हारहमीम' सिनेगॉग. दयेच्या त्या दरवाजाला शंभर वर्षे भरली त्याच वर्षी गल्ल्यांतून उंदीर मरून पडू लागले. डॉक्टर अकासिओ व्हिएगस ह्या गोवेकर डॉक्टरने रोग ओळखला. माणसे शहर सोडून पळाली.

ऑक्टोबरात सरकारने एका यहुदी शास्त्रज्ञाला मुंबईला पाठवले: ओडेसात १८६० साली जन्मलेला वाल्देमार हाफकिन. ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या एका खोलीत त्याने प्लेगचे जंतू वाढवले, उष्णतेने मारले आणि त्यांची लस केली. १० जानेवारी १८९७ रोजी ती पहिल्यांदा स्वत:लाच टोचून घेतली, आणि मग भायखळ्याच्या तुरुंगातल्या कैद्यांना, त्यांच्या राजीखुशीने. १८९९ मध्ये परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसात त्याची प्रयोगशाळा हलली. १९२५ पासून ती हाफकिन इन्स्टिट्यूट म्हणून ओळखली जाते.

त्याच १८९९ साली प्लेग कोबे आणि ओसाका ह्या जपानी बंदरांत पोहोचला. कितासातो पुन्हा कामाला लागला आणि टोकियोत उंदीर विकत घेण्याची मोहीम निघाली. उंदरापासून माणसापर्यंत रोग नेतो कोण, ह्याचे उत्तरही रक्तातच होते. फॉर्मोसात १८९७ मध्ये ओगाताने, तोच गुरू ओगाता, पिसवांत प्लेगचा जंतू दाखवला. १८९८ मध्ये कराचीत सिमोंने आणि पुढे परळात लिस्टनने पिसू हीच वाहक हे पक्के केले. बेरीबेरीत चुकलेला ओगाता पिसवेच्या बाबतीत बरोबर निघाला. एका चुकीवरून माणूस मोडीत काढू नये, हे गुरू आणि शिष्य दोघांच्या चरित्रातून आम्ही शिकलो.

मुलकोवालची बाटली

आता ह्या दोन कथा जिथे एकमेकींना भिडतात ती दु:खाची जागा. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातल्या मुलकोवाल गावी १०७ माणसांना हाफकिनची लस टोचली. त्यांपैकी एकाच बाटलीतून टोचलेली १९ माणसे मरण पावली. प्लेगने नव्हे, धनुर्वाताने! कितासातोने काचपात्रात कोंडून दाखवलेला तोच मातीतला जंतू बाटलीत शिरला होता.

दोष परळच्या प्रयोगशाळेवर आला आणि हाफकिनला कामावरून दूर केले गेले. पण चौकशीत पुढे आले होते, की गावात बाटली उघडताना चिमटा जमिनीवर पडला आणि तो नीट शुद्ध न करताच वापरला गेला. शिवाय बाटली परळातच दूषित झाली असती तर उघडताक्षणी दुर्गंधी आली असती. ती आली नव्हती. तरी ह्या गोष्टींचे वजन मान्य व्हायला पाच वर्षे लागली. १९०७ मध्ये सर रोनाल्ड रॉस आणि इतर शास्त्रज्ञांनी लंडनच्या 'टाइम्स'मध्ये पत्र लिहून हाफकिनची बाजू मांडली, तेव्हा सरकारने त्याला निर्दोष ठरवले. तो हिंदुस्थानात परतला, पण परळात नाही, कलकत्त्यात. तरुणपणीची उमेद गेली ती गेलीच. १९३० मध्ये लोझान येथे तो वारला.

कितासातोच्या वाट्याला दुसऱ्या तऱ्हेचा अन्याय आला. १९१४ मध्ये सरकारने त्याला न विचारता त्याची संस्था टोकियो विद्यापीठाकडे देऊन टाकली. म्हणजे ज्यांनी त्याला गुरुद्रोही ठरवले त्यांच्याच हाती. त्याने राजीनामा दिला, आणि त्याच्यामागून सारे सहकारी बाहेर पडले. त्याच वर्षी स्वत:च्या पैशाने त्याने कितासातो संस्था सुरू केली. फुकुझावा १९०१ मध्ये वारला होता, पण ते ऋण विसरले नव्हते: १९१७ मध्ये केइओत वैद्यक विभाग सुरू झाला तेव्हा त्याचा पहिला प्रमुख कितासातोच झाला. आणि गुरू कॉख १९१० मध्ये वारला तेव्हा त्याने टोकियोत त्याचे छोटेसे देऊळ बांधले. ज्याला गुरुद्रोही म्हटले त्याची ही गुरुभक्ती. १३ जून १९३१ रोजी कितासातो वारला. ३ जुलै २०२४ पासून जपानच्या हजार येनच्या नोटेवर त्याचे चित्र आहे.

घोड्याचे देणे

सशापासून घोड्यापर्यंत गोष्ट कशी गेली, हे सांगायचे राहिले. माणसाच्या अंगात सुमारे पाच लिटर रक्त असते. पाचशे किलोच्या घोड्यात सुमारे चाळीस लिटर. त्यातून काही लिटर काढले तरी घोडा ते भरून काढतो. म्हणून सीरमसाठी घोडा निवडला गेला. त्याला आधी मवाळ केलेले विष अगदी थोडे टोचतात, मग आठवड्यामागून आठवडे मात्रा वाढवतात. घोड्याचे रक्त त्या विषाला ओळखू लागते आणि प्रतिविष तयार करते. मग मानेच्या शिरेतून रक्त काढून त्यातला पिवळा भाग वेगळा करतात. पुढे तांबड्या पेशी घोड्याला परत देण्याची रीतही आली.

सापाच्या विषावरचे औषधही असेच होते. कितासातोचा शिष्य किताजिमा ताईची ह्याने जपानच्या दक्षिण बेटांवरील 'हाबू' सापाच्या विषावर सीरम केले. परळात हाफकिन इन्स्टिट्यूटने नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे ह्या चारही विषांवर एकच औषध तयार केले. रत्नागिरीकडे गवत कापताना फुरसे डसले म्हणजे काय होते, हे आपल्या जुन्या पिढीला सांगायला नको. त्या औषधाच्या प्रत्येक बाटलीमागे कुणीतरी घोडा उभा आहे.

ह्या उपचाराच्या मर्यादाही होत्या. घोड्याचे सीरम माणसाच्या अंगाला परके. काहींना त्याने ताप येई, गांधी उठत, क्वचित जीवावर बेते. म्हणून तर कंपाउंडरचा तो हातावरचा थेंब आणि अर्ध्या तासाचे बाक! उसनी घेतलेली ही ताकद थोडे आठवडेच टिकते. आणि विष एकदा मज्जातंतूला चिकटले, की सीरम ते सोडवू शकत नाही; म्हणून वेळेवर टोचावे लागते. पुढे मवाळ केलेल्या विषाची लस आली. तिने माणसाचे स्वत:चेच रक्त शिकते आणि उसनवारीची गरज उरत नाही. आपल्या नातवंडांना मिळते ती हीच. नाळ घाणेरड्या पात्याने कापल्यामुळे बाळंतघरात जाणारी अर्भके आपल्या पणज्यांनी पाहिली होती. भारतातला तो माता-बालकांचा धनुर्वात आटोक्यात आल्याचे २०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने मान्य केले. योगायोग असा, की त्याच साली कितासातो संस्थेच्या ओमुरा सातोशी ह्यांना, जपानच्या मातीतल्या एका जंतूपासून परोपजीवी कृमींवरचे औषध मिळवल्याबद्दल, नोबेल मिळाले. मातीत मृत्यू असतो आणि मातीत औषधही असते.

एकच शब्द

आता आजीच्या प्रश्नाकडे परत येऊ. आपल्या घरी कोंबडी कापली, की हजानसाहेब रक्तावर माती लोटीत. आम्ही विचारले तर म्हणत, "रक्त म्हणजे त्याचा जीव. तो आपला नाही." तोराहात रक्त खाऊ नये ह्याचे कारण हेच दिले आहे, की प्राण्याचे 'नेफेश', म्हणजे त्याचा जीव, रक्तात असतो. आणि हजानसाहेबांनी आजीला ज्या नियमाने सूट दिली त्याचे हिब्रू नाव 'पिक्वाह नेफेश', म्हणजे जीव वाचवणे. दोन्ही ठिकाणी शब्द तोच! लहानपणी हे आमच्या लक्षात आले नव्हते. इथे येऊन हिब्रू शिकलो तेव्हा आले. ज्या कारणासाठी रक्त खायचे नाही, त्याच कारणासाठी ते जीव वाचवायला वापरता येते: कारण त्यात जीव आहे.

बर्लिनच्या त्या खोलीत एका जपानी आणि एका जर्मन डॉक्टरने सशाच्या रक्ताचा थेंब उंदराला दिला, तेव्हा त्यांना तोराहातले काही ठाऊक असण्याचे कारण नव्हते. तरी जे दिसले ते आपल्या आजीला पटले असते. एका जीवाने सोसलेले दुसऱ्या जीवाच्या उपयोगी पडते, आणि त्याला जात आडवी येत नाही. ना सशाची, ना घोड्याची, ना माणसाची.

म्हणून पुढच्या वेळी नातवाच्या दंडात ती सुई जाईल आणि तो रडेल, तेव्हा त्याला खाऊ देण्याआधी दोन नावे सांगा: ओगुनीचा कितासातो आणि परळचा हाफकिन. आणि तिसरा तो घोडा, ज्याला नाव नव्हते. असो. आजी हयात असती तर तिने त्याच्यासाठीही मूठभर हरभरे बाजूला ठेवले असते.